झिजलेल्या शरीराचे वय कोण मोजणार?

“साहेब, कागदावरचं वय बघू नका, माझ्याकडं बघा.”

श्रावणबाळ योजनेचे अर्ज भरून देण्यासाठी बीडकडच्या एका तालुक्याच्या गावी कार्यकर्त्यांसोबत बसलो होतो. समोरच्या मावशीने आधारकार्ड पुढे केले. त्यावर वय निघाले ५६. योजनेची अट ६५ वर्षांची. मावशीचे पुढचे दात गेलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू, गुडघ्यावर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. बत्तिसाव्या वर्षी तिची गर्भपिशवी काढलेली. त्यानंतरही वीस हंगाम तिने ऊसतोडीचा कोयता चालवला, डोक्यावर मोळ्या वाहिल्या. कुणीही तिला पाहून सत्तरीची म्हातारी म्हटले असते. आमचा कार्यकर्ता म्हणाला, “मावशी, अजून नऊ वर्षं थांबावं लागंल.” ती हसली. म्हणाली, “नऊ वर्सं? तवर मी असंन व्हय रे बाळा?”

तिला द्यायला आमच्यापैकी कुणाकडेही उत्तर नव्हते. पण घरी येताना एक गोष्ट मनातून जाईना. “माझे शरीर माझ्या वयापेक्षा म्हातारे आहे,” असे मावशी सांगत होती. ही नुसती गाऱ्हाण्याची भाषा नाही, हे एक शास्त्रीय विधान आहे. ते खरे की खोटे, हे तपासता येते. रक्त तपासून, हाताची पकड मोजून, चालण्याचा वेग मोजून ते सिद्ध करता येते. मात्र तपासणीला पैसा लागतो, प्रयोगशाळा लागते, पाच-दहा वर्षे चिकाटीने काम करणारा संशोधक लागतो आणि त्या संशोधकाला अनुदान लागते. तेव्हा वार्धक्याच्या संशोधनासाठी जगात पैसा कोण देतो, कोणाला देतो आणि कोणत्या प्रश्नासाठी देतो, हा आपल्या चळवळीचा प्रश्न आहे. तो आपण आजवर आपला मानला नाही, म्हणून हा लेख.

वार्धक्य हा आता मोठ्या पैशाचा विषय झाला आहे. अमेरिकेत १९७४ साली कायदा करून सरकारने वार्धक्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन केली. तिचे पहिले संचालक डॉ. रॉबर्ट बटलर. म्हाताऱ्या माणसांशी केवळ वयामुळे होणाऱ्या भेदभावाला त्यांनीच १९६९ मध्ये ‘एजिझम’ हे नाव दिले होते. वंशभेद आणि लिंगभेद यांच्या पंगतीत वयभेदही बसवला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. या संस्थेचा वार्षिक खर्च अलीकडच्या वर्षांत साडेचार अब्ज डॉलरच्या घरात गेला. त्यातला मोठा वाटा स्मृतिभ्रंशाच्या आजारांकडे जातो. माणूस मुळात म्हातारा का होतो, या प्रश्नाला त्या मानाने थोडे मिळते.

ती पोकळी धनिकांनी हेरली. संगणक उद्योगातले लॅरी एलिसन यांनी १९९७ मध्ये प्रतिष्ठान काढले आणि वार्धक्याच्या जीवशास्त्रावर काम करणाऱ्यांना वर्षानुवर्षे अनुदाने दिली. २०१३ मध्ये त्या प्रतिष्ठानाने नवी अनुदाने देणे थांबवले. देणाऱ्याचा विचार बदलला की घेणाऱ्याची प्रयोगशाळा अडचणीत येते. त्याच २०१३ मध्ये गूगलने वार्धक्यावर काम करणारी कॅलिको ही कंपनी काढली. २०२२ च्या जानेवारीत अल्टॉस लॅब्स ही कंपनी तीन अब्ज डॉलरचे भांडवल घेऊन उभी राहिली. म्हाताऱ्या पेशी पुन्हा तरुण करता येतील काय, हा तिचा शोध. सौदी अरेबियाने हेव्होल्यूशन नावाचे प्रतिष्ठान काढून वर्षाला एक अब्ज डॉलरपर्यंत खर्च करण्याची तयारी जाहीर केली. आपल्या देशातही हे वारे आले आहे. झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी २०२५ मध्ये दीर्घायुष्याच्या संशोधनासाठी स्वतःचे अडीच कोटी डॉलर घालण्याचे जाहीर केले.

यातल्या कुणाच्या पैशाबद्दल आपली तक्रार नाही. पैसा ज्ञानावर खर्च होत असेल तर तो लग्नाच्या मांडवावर खर्च होण्यापेक्षा बरा. तक्रार आहे ती प्रश्नाबद्दल. ऐंशी वर्षे जगणाऱ्याला शंभर वर्षे कसे जगवावे, हा या पैशाचा प्रश्न आहे. चाळिशीत म्हातारा होणारा माणूस चाळिशीत म्हातारा का होतो, हा मावशीचा प्रश्न आहे. दुपारच्या उन्हात, धुरात, दहा-दहा तास मोटारसायकलवरून लोकांची जेवणे पोहोचवणाऱ्या पोराची पाठ, फुप्फुसे आणि झोप तिशीतच कुठे जातात, हाही तोच प्रश्न आहे. दोन्ही प्रश्न वार्धक्याचेच आहेत. परंतु पहिल्याला अब्जावधी मिळतात आणि दुसऱ्याला ‘हा सामाजिक विषय आहे, शास्त्रीय नव्हे’ असे म्हणून बाहेर बसवले जाते. बाहेर बसवणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको.

येथे बाबासाहेबांची एक गोष्ट आठवते. सिद्धार्थाने म्हातारा, आजारी आणि मेलेला माणूस पाहिला आणि गृहत्याग केला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी या कथेवरच बोट ठेवले. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा माणूस पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटत नाही, अशी त्यांची हरकत होती. म्हणून त्यांनी गृहत्यागाचे कारण शाक्य आणि कोलीय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यात, म्हणजे समाजात शोधले. म्हातारपणाचे नवल फक्त राजवाड्यात राहणाऱ्यालाच वाटू शकते. आज जगातल्या नव्या राजवाड्यांत कुणाला तरी पहिल्यांदा पांढरा केस दिसला आहे आणि तिजोऱ्या उघडल्या आहेत. वस्तीतल्या माणसाने मात्र म्हातारपण आईच्या तिशीतच पाहिलेले असते.

प्रश्न बाजूला कसा पडतो, याचा एक नमुना मेटफॉर्मिनचा आहे. मधुमेहाची ही गोळी आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे. तिचे एकाधिकार केव्हाच संपले, म्हणून ती अगदी स्वस्त मिळते. ही गोळी म्हातारपणाचे अनेक आजार एकाच वेळी लांबवते काय, हे तपासण्याची योजना न्यू यॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. नीर बर्झिलाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. ६५ ते ७९ वयाची तीन हजार माणसे, सहा वर्षांची पाहणी. २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांशी त्यांची बोलणीही झाली. पुढची कित्येक वर्षे मात्र निधी शोधण्यातच गेली. गोळीचा उपयोग होईल की नाही, हे चाचणीशिवाय कुणीच सांगू शकत नाही. पण चाचणीला पैसा का मिळत नाही, हे सांगता येते. रुपया-दोन रुपयांच्या गोळीतून कोणत्याही कंपनीला नफा नाही. जे औषध गरिबाला परवडेल ते तपासायलाच कुणाला परवडत नाही, असा हा उफराटा हिशेब.

आता अनुदान कोणाला मिळते ते पाहू. अमेरिकेत सरकारी अनुदानासाठी संशोधक अर्ज करतो आणि त्याच क्षेत्रातल्या नामवंतांची समिती त्याला गुण देते. यात जात नाही, वंश नाही, केवळ गुणवत्ता आहे, असे तिथेही सांगितले जात होते. २०११ मध्ये डोना गिंथर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात अभ्यास छापला. २००० ते २००६ या काळातले ८३ हजारांहून अधिक अर्ज त्यांनी तपासले. शिक्षण, प्रशिक्षण, छापलेले शोधनिबंध, आधीची अनुदाने या सगळ्यांचा हिशेब करूनही कृष्णवर्णीय संशोधकाला अनुदान मिळण्याची शक्यता गोऱ्या संशोधकापेक्षा दहा टक्के बिंदूंनी कमी निघाली. गुणवत्तेच्या गप्पांचे पितळ आकड्यांनी उघडे पाडले.

त्याहून महत्त्वाचा अभ्यास २०१९ मध्ये आला. हा फरक का पडतो, ते शोधताना त्या संस्थेच्याच संशोधकांना आढळले की फरकाचा सुमारे पाचवा हिस्सा विषयाच्या निवडीमुळे आहे. कृष्णवर्णीय संशोधक पेशी आणि रेणू यांच्यापेक्षा समाजाचे आरोग्य, आजारातली विषमता, लोकांमध्ये जाऊन करायचे काम हे विषय अधिक घेत होते आणि या विषयांना एकूणच अनुदान कमी मिळत होते. म्हणजे दार दोन आहेत. पहिल्या दारावर माणूस अडतो. तो कसाबसा आत गेला, तर दुसऱ्या दारावर त्याचा प्रश्न अडतो. आपल्या माणसांच्या दुःखाचा प्रश्न घेऊन आलेल्याला म्हटले जाते, ‘तू हुशार आहेस, पण विषय हलका निवडलास.’

या दुसऱ्या दारावर आयुष्यभर धडका देणाऱ्या एका बाईंचे नाव आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावे. मिशिगन विद्यापीठाच्या आर्लिन जेरोनिमस. १९९२ मध्ये त्यांनी एक सिद्धान्त मांडला. ऊन, वारा, पाऊस खाऊन दगड झिजतो, त्यासाठी असलेला इंग्रजी शब्द त्यांनी माणसाच्या शरीराला लावला. आपण त्याला ‘झीज’ म्हणू. गोऱ्या स्त्रियांमध्ये किशोरवयातल्या बाळंतपणापेक्षा पंचविशीतले बाळंतपण बाळासाठी सुरक्षित ठरते. कृष्णवर्णीय स्त्रियांत त्यांना उलटे दिसले. जसजसे वय वाढते तसतसा बाळाला धोका वाढतो, तोही विशीतच. याचा अर्थ त्यांनी असा लावला की अपमान, भीती, जादा कष्ट, अपुरी झोप आणि कायमचा ताण यांनी त्या बाईचे शरीर तरुणपणीच झिजू लागते. ताणाच्या वेळी शरीरात जी संप्रेरके सुटतात ती घटकाभर जीव वाचवतात. तीच रोज सुटू लागली तर रक्तवाहिन्या, हृदय, साखर, सगळ्यांवर घाला घालतात.

पुढे प्रयोगशाळेनेही याला दुजोरा द्यायला सुरुवात केली. आपल्या गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर नावाची टोपणे असतात. लेंग्याच्या नाडीच्या टोकाला आपण गाठ मारतो ना, धागे सुटू नयेत म्हणून, तसेच त्यांचे काम. पेशी विभागत जाते तशी ही टोपणे आखूड होतात. त्यांच्यावरील संशोधनाला २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या मानकऱ्यांपैकी एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी एलिसा एपेल यांच्यासोबत २००४ मध्ये दाखवले होते की आजारी मुलाची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या आयांपैकी ज्यांना ताण सर्वांत जास्त जाणवत होता, त्यांची टोपणे दहा वर्षे जादा वय झाल्याइतकी आखूड होती. २०१० मध्ये जेरोनिमस आणि सहकाऱ्यांनी ४९ ते ५५ वयाच्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या स्त्रियांची तुलना केली. कृष्णवर्णीय स्त्रिया शरीराने साडेसात वर्षांनी अधिक म्हाताऱ्या असाव्यात, असा अंदाज निघाला. अभ्यास लहान होता, अंदाज अंदाजच असतो. पण प्रश्न नेमका होता. आमच्या मावशीचे ‘नऊ वर्षं’ आणि त्यांचे ‘साडेसात वर्षे’ यांच्यात फार अंतर आहे काय?

हे संशोधन सुखासुखी चालले आहे असेही नाही. २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने वंश, विविधता आणि विषमता यांच्याशी संबंधित म्हणून शेकडो आरोग्य अनुदाने मध्येच रद्द केली. जूनमध्ये बोस्टनच्या संघीय न्यायाधीशांनी ती कृती बेकायदा ठरवली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला अनुदाने रोखून ठेवण्याची मोकळीक दिली. सत्तेला प्रश्नाची भीती वाटते तेव्हा ती प्रश्न विचारणाऱ्याची रसद तोडते, हे तिथेही खरे ठरले.

पण अमेरिकेतल्या या लढाईत एक गोष्ट आपल्यापेक्षा चांगली आहे. अर्जदार कोणत्या वंशाचा, याची नोंद तिथे ठेवली जात होती. नोंद होती म्हणून भेदभाव पकडता आला. आपल्याकडे संशोधनाचे सरकारी अनुदान कोणत्या समाजातल्या किती संशोधकांना मिळाले, समित्यांवर कोण बसले होते, याचे आकडे सहसा जाहीरच होत नाहीत. जखमेवर पांघरूण घातले की वैद्याला ती दिसत नाही. मग ‘विज्ञानात कुठे आहे जात?’ असे म्हणायला सगळे मोकळे.

आपल्या देशात वार्धक्याचा अभ्यास होतच नाही, असे नाही. तो चक्क मुंबईत होतो. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठांच्या सहकार्याने ‘लासी’ नावाची देशव्यापी पाहणी हाती घेतली. पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली, अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. पंचेचाळीस वर्षांवरील माणसे आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक लोकांना भेटून त्यांचा रक्तदाब, फुप्फुसाची शक्ती, हाताची पकड, चालण्याचा वेग मोजला, बोटातून रक्ताचे थेंब घेतले, जात आणि कामधंदाही विचारला. या कामाला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने आणि संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने पैसा दिला, तसा वर सांगितलेल्या अमेरिकेच्या वार्धक्य संस्थेनेही दिला. आपल्या आजी-आजोबांच्या हाताची पकड मोजायला अमेरिकेच्या सरकारी तिजोरीचा हातभार लागला, ही गोष्ट आपल्या राज्यकर्त्यांनी मनावर घ्यावी.

या पाहणीत एक पेच आहे. ती पंचेचाळिशीपासून सुरू होते. जो गटारात उतरून पस्तिसाव्या वर्षी गेला, जी बाळंतपणात गेली, जो क्षयाने चाळिशीत गेला, ते या मोजणीत येतच नाहीत. जे चिवट म्हणून उरले तेवढेच मोजले जातात आणि मग आपल्या समाजाचे म्हातारपण आहे त्यापेक्षा बरे दिसू शकते. ज्याने वस्ती पाहिली आहे त्याच्या मनात ही शंका आपोआप येते. म्हणून संशोधकांमध्ये वस्तीतला माणूस हवा. त्याच्यावर दया म्हणून नव्हे, तो नसला तर शास्त्रातच चूक राहते म्हणून.

मरणाच्या बाबतीत हे चित्र बरेच स्पष्ट झाले आहे. २०२२ मध्ये संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान यांच्यासह नऊ राज्यांतल्या दोन कोटींहून अधिक लोकांच्या माहितीवर तो आधारलेला आहे. त्यात इतर मागासवर्ग धरून बाकीच्या हिंदूंच्या तुलनेत दलितांचे सरासरी आयुर्मान तीन वर्षांहून अधिक आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी आढळले. ‘ते गरीब आहेत म्हणून लवकर मरतात’ हे ठरलेले उत्तर. पण आर्थिक स्थितीने या फरकाचा निम्म्याहून कमी भाग उलगडतो, असे या अभ्यासाने दाखवले. मग उरलेला भाग कशाचा? त्याचे उत्तर शोधायला अनुदान हवे. महाराष्ट्र त्या नऊ राज्यांत नाही. पुरोगामी महाराष्ट्राचे आकडे कुणी काढायचे?

आणि ऊसतोड मावशीचे काय? २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. शासनाने समिती नेमली. ८२,३०९ महिलांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीत खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, उचल फिटत नाही, म्हणून ही शस्त्रक्रिया. विधिमंडळात चर्चा झाली, वर्तमानपत्रांचे रकाने भरले आणि विषय थंड झाला. परंतु वैद्यकशास्त्र सांगते की बीजकोशही काढले तर बाईची पाळी त्याच दिवशी कायमची जाते. नुसती पिशवी काढली तरी बीजकोशांचे काम लवकर थांबण्याचा धोका वाढतो. तसे झाले की हाडे ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. म्हणजे तिशीतल्या बाईवर पन्नाशी लादली जाते. या तेरा हजार आठशे एकसष्ट शरीरांवर वार्धक्य लादले गेले, त्यांचे पुढे काय झाले, वीस वर्षांनी त्यांची हाडे किती झिजली, हे सांगणारा दीर्घ अभ्यास व्हायला हवा. वार्धक्याच्या संशोधकाला याहून निकडीचा प्रश्न जगात कुठे सापडेल?

आपल्याकडे झिजण्याचे फार कौतुक. साधा शिपाई निवृत्त झाला तरी भाषणात ‘चंदनासारखे झिजले’ म्हणतात. चंदन झिजते तेव्हा गंध दुसऱ्याच्या कपाळी लागतो, हे कुणी सांगत नाही. आपली माणसे चंदनासारखी नव्हे, पाट्यासारखी झिजली. पाटा गुळगुळीत झाला की वडाराची बाई टाकी लावून त्याला पुन्हा कामाचा करते. माणसाच्या देहाला टाकी लावता येत नाही. त्याची झीज आधीच ओळखावी लागते आणि थांबवावी लागते.

आता थोडे आपल्याकडे पाहू. शिष्यवृत्तीचे मोल आपल्या चळवळीइतके कुणाला कळणार? सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ मध्ये मुदत संपली, तेव्हा लंडनमधले शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले आणि पुन्हा पैसा उभा करून १९२० मध्ये जावे लागले. अनुदान तुटणे म्हणजे काय, हे त्यांनी सोसले होते. पण लक्षात घ्या, शिष्यवृत्ती बडोद्याची होती, विद्यापीठ अमेरिकेचे होते, प्रश्न मात्र बाबासाहेबांचा स्वतःचा होता. १९१६ मध्ये कोलंबियातल्या चर्चासत्रात त्यांनी निबंध वाचला तो भारतातल्या जातींवर. पैसा दुसऱ्याचा घेऊनही त्यांनी प्रश्न दुसऱ्याकडून उसना घेतला नाही.

आज आपण पहिल्या दारावर लढतो आहोत. २०२३ मध्ये बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी ८६१ विद्यार्थ्यांचा प्रश्न घेऊन आपली मुले आझाद मैदानावर बसली. ती लढाई रास्तच होती. पण दुसऱ्या दाराकडे आपले लक्ष नाही. जीवशास्त्र, जीवरसायन, वैद्यकीय संख्याशास्त्र घेणारी आपली मुले किती? घेतली तर त्यांना आपण व्यासपीठावर बोलावतो किती? जयंतीच्या मंडपात डॉक्टर येतो तो सत्कारापुरता. त्याच्याशी वस्तीतल्या रक्तदाबाची, मूत्रपिंडाची, पन्नाशीतल्या मरणांची चर्चा होत नाही. हा दोष व्यवस्थेवर ढकलून चालणार नाही, तो आपलाही आहे.

काही जण म्हणतील, आधी मावशीला पेन्शन द्या, संशोधन नंतर. मला हे मान्य नाही. केंद्राच्या वृद्ध निवृत्तिवेतनात ६० ते ७९ वयाच्या माणसामागे केंद्राचा वाटा महिना २०० रुपये आहे आणि तो कित्येक वर्षांत वाढलेला नाही. महाराष्ट्रात ही रक्कम राज्याचा वाटा धरून १५०० झाली, तीही २०२३ मध्ये. या लढाया चालूच राहतील. पण पेन्शनचे वय ६५ का? सगळ्यांचे शरीर सारख्याच वेगाने म्हातारे होते, असे गृहीत धरले म्हणून. हे गृहीतक मोर्चाने हलेल, पण पुराव्याशिवाय पडणार नाही. ऊसतोड, सफाई, वीटभट्टी, बांधकाम यांतल्या माणसाचे शरीर पन्नाशीत साठीचे होते, हे एकदा शास्त्राने सिद्ध झाले की ६५ ची अट अन्यायाची आहे हे न्यायालयातही मांडता येईल. संशोधन ही चैन नाही, तो आपल्या खटल्याचा पुरावा आहे.

म्हणून चळवळीने चार मागण्या धराव्यात. पहिली, संशोधनाचे सरकारी अनुदान कोणत्या समाजातल्या किती संशोधकांना मिळाले आणि समित्यांवर कोण होते, याचे आकडे दरवर्षी जाहीर करा. दुसरी, २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. पाच वर्षांत पन्नास हजार कोटी उभे करण्याची त्याची योजना आहे आणि त्यातला मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून अपेक्षित आहे. उद्योगपतींचा पैसा आला की प्रश्नही उद्योगपतींचे येतील. तेव्हा श्रम, जात आणि अकाली वार्धक्य यांच्यासाठी त्यात राखीव निधी ठेवा. तिसरी, विज्ञान खात्यांकडे अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा असतो. त्यातला काही भाग आपल्या मुलांच्या स्वतंत्र संशोधनासाठी, किमान पाच वर्षांच्या मुदतीने द्या. चौथी, बीडच्या त्या महिलांचा वीस वर्षांचा पाठपुरावा अभ्यास राज्याने स्वतःच्या खर्चाने सुरू करा आणि अभ्यासासोबत उपचारही द्या. नुसते रक्त घेऊन जाणारे आजवर पुष्कळ झाले.

आणि एक काम मागणीविना करता येण्यासारखे आहे. ‘लासी’ची माहिती संशोधकांना रीतसर अर्ज केल्यावर मिळते. आपल्या विद्यार्थ्यांनी ती मागवावी. जात, काम आणि हाताची पकड यांचा संबंध मांडावा. त्यासाठी संगणक लागतो, संख्याशास्त्र लागते आणि चिकाटी लागते. प्रयोगशाळा लागत नाही. चळवळीतल्या प्राध्यापकांनी दोन-दोन विद्यार्थी हाताशी धरले तरी वर्ष-दोन वर्षांत पहिले निबंध हाती येतील.

बाबासाहेबांनी शिका म्हटले. शिकणे म्हणजे दुसऱ्याच्या प्रश्नांची उत्तरे पाठ करणे नव्हे. स्वतःचा प्रश्न शास्त्राच्या भाषेत उभा करणे, हे शिकण्याचे पुढचे पाऊल आहे. ती मावशी पुढच्या हंगामातही बहुधा फडात असेल. कागदावर ती ५७ ची होईल. तिचे खरे वय मोजणारा संशोधक आपल्याच एखाद्या वस्तीत आज बारावीची पुस्तके चाळत बसला असेल. त्याच्या हाती अनुदान पोहोचवणे आणि त्याचा प्रश्न त्याच्याकडून कुणी हिसकावून घेणार नाही याची राखण करणे, ही आपली जबाबदारी.

जयभीम.